मोकळीक म्हणजे स्वातंत्र्य नव्हे: 'द गेम अवॉर्ड्स'च्या परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
आयोजक आणि परीक्षक मंडळ,
द गेम अवॉर्ड्स

स. न. वि. वि.

मी पुण्यात राहते. दिवसा इतरांच्या गेमसाठी झाडं, खिडक्या, कंदील, लाकडी पेट्या अशा वस्तू थ्रीडीमध्ये बनवून देते आणि रात्री जेवणं उरकली की एका मैत्रिणीसोबत आमचा स्वतःचा गेम बनवते. तो मुक्कामी एसटीबद्दल आहे. संध्याकाळी शेवटची गाडी गावात येते, ड्रायव्हर आणि कंडक्टर गावातच झोपतात, पहाटे तीच गाडी परत निघते. मधल्या त्या एका रात्रीत गावात जे घडतं, तो आमचा गेम. तीन वर्षं झाली, निम्माच झाला आहे.

तुम्ही दरवर्षी जगभरातल्या व्हिडिओ गेमना पुरस्कार देता. त्यांतल्या 'इंडिपेंडंट', म्हणजे स्वतंत्र, गेमच्या पुरस्काराबद्दल मला बोलायचं आहे. तुम्हाला मराठीत लिहिते आहे, कारण या विषयावर मला जे वाटतं ते मला याच भाषेत नीट सांगता येतं. शिवाय तुमच्या 'इंडिपेंडंट' या शब्दाचा परिणाम माझ्यासारख्या ज्या मुलामुलींवर होतो, त्यांतले पुष्कळजण हीच भाषा बोलतात. २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी'ला तुमच्याकडे पदार्पणाच्या गेमसाठी नामांकन मिळालं. त्या रात्री आमच्याकडच्या कितीतरी जणांनी घरी पहिल्यांदा सांगितलं असेल, की बघा, हे काम करून इथपर्यंत पोचता येतं. त्या गेमची किकस्टार्टरवरची, म्हणजे इंटरनेटवरून लोकांकडून पैसे गोळा करायची, मोहीम अपुरी पडली होती. तरीही तो पूर्ण झाला. तुमच्या यादीतल्या एका ओळीला इथे केवढं वजन आहे, हे तुम्हाला कळावं म्हणून ही आठवण आधी सांगितली.

आता मुद्द्यावर येते.

२०२३ मध्ये 'सर्वोत्कृष्ट इंडिपेंडंट गेम' या विभागात तुम्ही 'डेव्ह द डायव्हर'ला नामांकन दिलंत. गेम सुरेख आहे. दिवसा समुद्रात बुडी मारून मासे पकडायचे, रात्री तेच मासे सुशीच्या हॉटेलात वाढायचे. मी तो साठेक तास खेळले आहे. पण तो मिंटरॉकेटने बनवला होता आणि मिंटरॉकेट हा तेव्हा नेक्सॉनचाच एक विभाग होता. नेक्सॉन ही १९९४ मध्ये दक्षिण कोरियात सुरू झालेली आणि २०११ पासून टोकियोच्या शेअर बाजारात असलेली, ऑनलाइन गेमच्या धंद्यातली बलाढ्य कंपनी. लोकांनी प्रश्न विचारले तेव्हा आयोजक जेफ कीली यांच्या बोलण्याचा आशय असा होता, की 'इंडिपेंडंट' या शब्दाचे अर्थ माणसागणिक वेगळे असतात आणि निर्णय परीक्षकांवर सोपवलेला आहे. त्या वर्षीचा पुरस्कार अखेर 'सी ऑफ स्टार्स'ला गेला आणि विषय तिथेच थंडावला.

तो थंडावायला नको होता. शब्दाचे अर्थ माणसागणिक वेगळे असतील, तर तो शब्द पुरस्काराच्या नावात ठेवणाऱ्याने आपला अर्थ सांगायला हवा. तुमच्या विभागाच्या वर्णनात एक ओळ आहे: पारंपरिक प्रकाशकव्यवस्थेच्या बाहेर बनलेला गेम. ही ओळ मला आवडते. पण ती तुम्ही स्वतःच गंभीरपणे घेतलेली नाही. तिच्याशी ताडून पाहिलं असतं, तर प्रकाशकाच्या घरातच जन्मलेला गेम त्या यादीत आला नसता.

तो आला कसा, हे मला वाटतं मला कळतं. तो इंडी, म्हणजे इंडिपेंडंट, दिसत होता. पिक्सेल आर्ट (ठळक चौकोनी ठिपक्यांची चित्रं), गमतीदार पात्रं, एक विक्षिप्त कल्पना, परवडणारी किंमत. पण हा सगळा पेहराव झाला. आमच्याकडे सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं होत. मोकळा रंगमंच, दोन खुर्च्या, एक दिवा. पुढे पुढे लोकांच्या मनात ठसलं, की दोन खुर्च्या आणि एक दिवा असला की नाटक प्रायोगिक. वास्तविक ते नाटक प्रायोगिक होतं ते करणाऱ्यांनी तिकीटविक्रीचा हुकूम मानायचं नाकारलं म्हणून. खुर्च्या दोनच होत्या, कारण तिसरीला पैसे नव्हते. उद्या एखाद्या श्रीमंत निर्मात्याने दोन खुर्च्यांचं नाटक काढलं, तर ते चांगलं असू शकेल, पण तेवढ्याने प्रायोगिक होणार नाही. पिक्सेलचंही असंच आहे. जपानच्या डाइसुके अमाया यांनी पाच वर्षं एकट्याने बसून 'केव्ह स्टोरी' हा गेम बनवला आणि २००४ मध्ये तो लोकांना फुकट दिला. त्याचे पिक्सेल एका माणसाच्या हाताला झेपतील एवढे होते. मोठ्या कंपनीतले पिक्सेल ही एक निवडलेली शैली असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून पडदा बघून निकाल देता येत नाही.

मग कशावरून द्यायचा? याचं उत्तर मला गेमच्या दुनियेत मिळालं नाही. ते माझ्या आत्याने दिलं.

दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका पब्लिशरला, म्हणजे गेमला पैसे पुरवून तो बाजारात आणणाऱ्या प्रकाशक कंपनीला, आमचा डेमो आवडला. व्हिडिओ कॉलवर माणसं फार गोड बोलली. गाव त्यांना आवडलं, एसटीचा लाल रंग आवडला, कंडक्टरच्या तिकिटांच्या पेटीचा खुळखुळाट आवडला. पूर्ण क्रिएटिव्ह फ्रीडम देऊ, असं त्यांनी तीनदा सांगितलं. मग एकतीस पानांचा करार आला. माझी आत्या साताऱ्याला दिवाणी कोर्टात वकिली करते. गेममधलं तिला काही कळत नाही. पण खरेदीखत, भाडेपट्टा, हक्कसोडपत्र यांत तिची उभी हयात गेली आहे. मी करार घेऊन तिच्याकडे गेले. तिने दोन दिवस घेतले, समासात पेन्सिलने खुणा केल्या आणि मला समोर बसवून म्हणाली, "हे बघ बाळा, तुला काय काय देणार ते वाचत बसू नकोस. उद्या तुमच्यात वाकडं आलं, तर 'नाही' कोण म्हणू शकतं, तेवढं शोध."

आम्ही दोघींनी शोधलं. सगळे 'नाही' त्यांचे होते. प्रत्येक मायलस्टोनचा बिल्ड, म्हणजे त्या टप्प्यापर्यंत तयार झालेला गेम, पसंत की नापसंत, हे त्यांच्या एकट्याच्या मर्जीवर. नापसंत झाला तर हप्ता थांबणार. हप्ता थांबल्यामुळे काम थांबलं, तर तोवर बनलेलं सगळं त्यांच्याकडे राहणार. गेमचं नाव, पात्रं, पुढचे भाग, सगळं त्यांच्याकडे. मी म्हटलं, "पण आत्या, ते पूर्ण फ्रीडम देणार म्हणालेत." ती म्हणाली, "असेल. कितव्या कलमात आहे?"

कुठल्याच कलमात नव्हतं.

"मग ही गाडी तुझी कुठे झाली?" आत्या म्हणाली. "तू पगारी ड्रायव्हर. पगारी ड्रायव्हर असण्यात काही वाईट नाही. पण मग गाडी आपली आहे म्हणून गावात सांगू नये."

आम्ही सही केली नाही. त्यामुळेच गेम निम्मा आहे आणि मी दिवसा लाकडी पेट्या बनवते. पण त्या दिवसापासून माझ्यासाठी मराठीतल्या दोन शब्दांमधलं अंतर स्पष्ट झालं: मोकळीक आणि स्वातंत्र्य. मोकळीक कोणीतरी देतो. घरमालकाने भाडेकरूला गच्चीवर कुंड्या ठेवू दिल्या, ही मोकळीक. मालक चांगला असेल तर ती वीस वर्षंही टिकेल, गच्चीवर बाग फुलेल, बघणाऱ्याला वाटेल गच्ची यांचीच. पण मालकाचा एक निरोप आला की कुंड्या खाली. स्वातंत्र्याला असा निरोप पाठवणारा कुणी नसतो. 'डेव्ह द डायव्हर'च्या लोकांना नेक्सॉनने मोकळीक दिली आणि त्यांनी तिचं सोनं केलं, याबद्दल मला त्यांचं कौतुकच आहे. तरी ती मोकळीकच.

आणि मोकळीक परत कशी घेतली जाते, हे तुम्ही तुमच्याच मंचाच्या आसपास पाहिलेलं आहे. जपानच्या टँगो गेमवर्क्सने जानेवारी २०२३ मध्ये 'हाय-फाय रश' आणला. तालावर मारामारी करायचा असा भन्नाट गेम, की मोठ्या कंपनीच्या छत्राखाली तो बनला यावर लोकांचा विश्वास बसेना. ध्वनिरचनेसाठी तुम्हीच त्याला पुरस्कार दिलात. मे २०२४ मध्ये मालक कंपनी मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढे क्राफ्टन या दुसऱ्या गेम कंपनीने त्याला जीवदान दिलं, ही वेगळी गोष्ट. ज्यांनी तो गेम बनवला, त्यांच्या हातात त्या दिवशी काय होतं? कौशल्य होतं, कौतुक होतं, तुमची ट्रॉफी होती. 'नाही' मात्र नव्हतं.

याच्या उलट ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा टीम चेरी हा छोटा स्टुडिओ पाहा. २०१४ च्या किकस्टार्टरवर थोडे पैसे गोळा करून त्यांनी 'होलो नाइट' केला. तो चालला, आणि त्या कमाईवर पुढचा 'सिल्कसाँग' २०१९ मध्ये जाहीर केला. जगभरच्या लोकांनी दर महिन्याला विचारलं, कधी येणार? ते गप्प राहिले. तो आला ४ सप्टेंबर २०२५ ला. तिमाहीच्या आकड्यांचा हिशेब देणारी कुठलीही कंपनी एवढा उशीर, आणि त्याहून जास्त एवढं मौन, सहन करू शकली नसती. उशीर करण्याचा हक्क हा स्वातंत्र्याचा मला दिसलेला सगळ्यात खरा पुरावा आहे. काम मनासारखं होईपर्यंत ते हातातून न सोडण्याची ताकद त्यांच्याकडे होती, कारण हिसकावून घेऊ शकेल असं मध्ये कुणी नव्हतं.

इथे कुणी म्हणेल, की मग पब्लिशर आला की स्वातंत्र्य संपलं का? नाही. आमच्या छोट्या वर्तुळातही ही चूक फार होते. 'स्टारड्यू व्हॅली' या शेतीवरच्या गेमच्या एरिक बरोन यांनी चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने चित्रं, संगीत, प्रोग्रामिंग, संवाद सगळं केलं. मधल्या काळात सिएटलच्या एका नाट्यगृहात अर्धवेळ नोकरी केली. २०१६ मध्ये गेम आला तो चकलफिश या पब्लिशरच्या मदतीने. नंतर प्रकाशनाचं काम बरोन यांनी टप्प्याटप्प्याने स्वतःकडे परत घेतलं. पब्लिशर आला, त्याने त्याचं काम केलं, मोबदला घेतला, गेला. शेत ज्याचं होतं त्याचंच राहिलं. 'बालाट्रो' पाहा. कॅनडातल्या एका माणसाने, ज्याने आजवर आपलं खरं नावही जाहीर केलेलं नाही, तो लव्ह नावाच्या मोफत साधनावर बनवला. प्लेस्टॅक या कंपनीने प्रकाशित केला. २०२४ मध्ये तुम्ही त्याला इंडिपेंडंट गेमचा पुरस्कार दिलात आणि मला तो योग्यच वाटला. आडतदार ठेवणारा शेतकरी मजूर होत नाही. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, ते बघायचं.

म्हणून २०२५ च्या निकालाबद्दल माझं मत अनेक मित्रांपेक्षा वेगळं आहे. 'क्लेअर ऑब्स्क्योर: एक्स्पिडिशन ३३' ला तुम्ही वर्षातल्या सर्वोत्तम गेमसोबत इंडिपेंडंट आणि पदार्पण हे दोन्ही पुरस्कारही दिलेत, इतर धरून एकूण नऊ. लोक चिडले. चार्ली कॉक्स आणि अँडी सर्किस या नावाजलेल्या नटांचे आवाज, डोळे दिपवणारी दृश्यं, बाहेरच्या अनेक कारागिरांचे हात, आणि पाठीशी केप्लर इंटरॅक्टिव्हसारखा पब्लिशर, ज्यात चीनच्या नेटईज या गेम कंपनीने २०२१ मध्ये १२ कोटी डॉलर घातले होते. हा कसला इंडी, असं म्हटलं गेलं. पण फ्रान्समधल्या माँपेलियेचा सँडफॉल इंटरॅक्टिव्ह हा स्टुडिओ कुणाचा विभाग नव्हता, कुणाची उपकंपनी नव्हता. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आलेल्या माणसाने मित्रांना जमवून तो उभा केला. मालकीच्या कसोटीवर तो 'डेव्ह द डायव्हर'च्या रांगेत बसत नाही. बेल्जियमच्या लॅरियनने 'बॉल्डर्स गेट ३' सारखा अवाढव्य गेम शेकडो माणसांनिशी बनवला आणि स्वतःच प्रकाशित केला. चीनच्या टेन्सेंट कंपनीचा त्यात निम्म्याहून कमी हिस्सा असूनही सूत्रं संस्थापकाकडेच राहिली. लॅरियन मोठा आहे आणि स्वतंत्रही आहे. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे एकदा मान्य केलं की पुष्कळ गोंधळ निवळतो.

लोकांची चीड मात्र खोटी नव्हती. तिचं कारण वेगळं आहे. लहान आणि स्वतंत्र हे दोन निरनिराळे गुण तुम्ही एकाच पेटीत कोंबले आहेत. एकट्या माणसाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवलेला गेम आणि तीस माणसांनी पब्लिशरच्या बळावर बनवलेला गेम दोन्ही स्वतंत्र असतील, पण त्यांची कुस्ती एकाच वजनगटात लावायची नसते. अमेरिकेतल्या इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांनी सिनेमासाठी हे केव्हाच ओळखलं: तिथे खर्चाला ३ कोटी डॉलरची मर्यादा आहे, आणि १० लाख डॉलरच्या आतल्या सिनेमांसाठी वेगळा पुरस्कार आहे. आकडा चुकीचा असू शकतो, त्यावर भांडता येतं. पण आकडा लिहिलेला आहे. तुमच्याकडे भांडायलाही काही लिहिलेलं नाही.

मालकीची कसोटीही वाटते तितकी सोपी नाही, हे कबूल करायला हवं. २०१९ मध्ये तुम्ही 'डिस्को एलिसियम'ला हाच पुरस्कार दिलात. एस्टोनियातल्या कवी-चित्रकार-लेखकांच्या कंपूतून उगवलेला, स्वतःच प्रकाशित केलेला गेम. माझ्या पिढीच्या कितीतरी जणींनी तो खेळून गेममध्ये असंही लिहिता येतं हे पहिल्यांदा अनुभवलं. त्यापेक्षा स्वतंत्र काय असणार? आणि २०२२ मध्ये जगाला कळलं, की ते जग ज्यांनी कल्पिलं, ते रॉबर्ट कुर्विट्झ आणि त्यांचे काही सहकारी वर्षभरापूर्वीच कंपनीबाहेर गेले आहेत, आणि तेही राजीखुशीने नव्हे. त्यानंतर समभागांवरून वाद झाले, दोन्ही बाजूंनी आरोप झाले. खरं-खोटं करणं माझं काम नाही. पण एवढं दिसलं, की पब्लिशर नसला तरी कंपनीतले समभाग कुणाकडे सरकतात यावर सगळं अवलंबून असतं. गेम स्वतंत्र आहे असं आपण म्हणतो तेव्हा ते त्या घडीपुरतं खरं असतं. उद्याही तसंच असेल याची हमी नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पुरस्कार देताना त्या वेळची स्थिती तपासावी, एवढंच म्हणता येतं.

कुणी असंही म्हणेल, की पूर्ण स्वतंत्र तर कुणीच नसतो. बरोबर आहे. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, गेम टाकायला १०० डॉलर भरावे लागतात आणि सुरुवातीच्या विक्रीतले ३० टक्के स्टीमचे. त्या दुकानात २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून जास्त गेम आले. त्यांतला कुठला कुणाला दिसणार, हे बनवणाऱ्याच्या हातात नाही. १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीने, म्हणजे गेम बनवायचं इंजिन (सॉफ्टवेअर) पुरवणाऱ्या कंपनीने, जाहीर केलं, की ठराविक मर्यादेपुढे प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घेणार. आम्ही दोघी तेव्हा युनिटीवरच काम करत होतो. आमची विक्री शून्य होती, आम्हाला एक पैसाही पडणार नव्हता, तरी त्या रात्री झोप लागली नाही. आपण ज्या जमिनीवर घर बांधतोय तिचा मालक मध्येच भाडेपावतीचे नियम बदलू शकतो, हे तोवर लक्षातच आलं नव्हतं. वर्षभराने त्यांनी तो आकार पूर्ण मागे घेतला. तोवर आम्ही गोडोवर गेलो होतो. अर्जेंटिनात जन्मलेलं, २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं इंजिन. सहा महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. त्याचं मला वाईट वाटत नाही.

पण ही परावलंबनं सगळ्यांना सारखी आहेत. दुकान, इंजिन, कार्डाचे पैसे वळते करणाऱ्या कंपन्या, वीज, इंटरनेट. पाऊस सगळ्यांवरच पडतो. पाऊस पडतो म्हणून शेतमालक आणि सालगडी एकच, असं कुणी म्हणत नाही. माझा प्रश्न त्या पातळीवरचा नाहीच. हा अमुक गेम, यातला हा प्रसंग, हा शेवट, हा रंग. याबद्दल शेवटचा शब्द बनवणाऱ्यांचा होता की दुसऱ्या कुणाचा, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याला बहुतेक वेळा सरळ उत्तर असतं. ते कागदावर लिहिलेलं असतं. फक्त विचारावं लागतं.

मराठीत 'स्वतंत्र' या शब्दाला एक जास्तीचा अर्थ आहे. आमच्याकडे पुस्तकाबद्दल किंवा नाटकाबद्दल 'ही लेखकाची स्वतंत्र कृती आहे' असं म्हणतात, तेव्हा ती कुणाचं भाषांतर किंवा रूपांतर नाही असं सांगायचं असतं. कल्पना स्वतःची आणि निर्णयही स्वतःचा, हे दोन्ही त्या एका शब्दात आहे. मला वाटतं तुमच्या विभागाला जे म्हणायचं आहे ते हेच आहे. जगात आधी नव्हतं असं काहीतरी, कुणाच्या परवानगीची वाट न पाहता केलेलं.

इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल तुमच्यापेक्षा जुना, १९९८ मध्ये सुरू झालेला. त्याच्या सर्वोच्च पुरस्काराला शेमस मॅकनॅली याचं नाव आहे. कॅनडातला हा मुलगा आपल्या घरच्यांसोबत चालवलेल्या छोट्या कंपनीत गेम बनवायचा. रणगाड्यांच्या शर्यतींचा त्याचा 'ट्रेड मार्क्स' २००० मध्ये त्या महोत्सवात सर्वोच्च ठरला. तेव्हा तो कर्करोगाने पार खंगलेला होता. मार्च २००० मध्ये, पुरस्कारानंतर थोड्याच दिवसांत, तो गेला. एकवीस वर्षांचा होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा इंटरनेट कॅफेत होते आणि बराच वेळ उठता आलं नाही. इतक्या कमी वेळात माणसाला काय बनवायचं हे विचारणारं त्याच्या डोक्यावर कुणी नव्हतं. होतं ते घर. २०२४ मध्ये त्याच्या नावाचा तो पुरस्कार 'वेनबा'ला मिळाला: कॅनडात स्थलांतर केलेली तमिळ आई, तिचं स्वयंपाकघर, तिच्या आईच्या जुन्या वहीतल्या पुसट झालेल्या पाककृती. कुठल्या बैठकीत, कुठल्या तक्त्यावर ही कल्पना पास झाली असती? इडलीच्या भांड्यात कुठली ताटली कुठे ठेवायची याचं कोडं! ते एखाद्याला मनापासून करावंसं वाटलं आणि अडवणारं कुणी नव्हतं, म्हणून ते आहे.

शब्दाची किंमत स्वतःच्या पदरात तोटा घेऊन पाळणारी माणसं अजून आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्येच तुम्ही 'मेगाबाँक'ला पदार्पणाच्या विभागात नामांकन दिलंत. तो एकट्याने बनवणारा डेव्हलपर स्वतः पुढे आला आणि म्हणाला, की मी आधी वेगळ्या नावांनी गेम केले आहेत, हा माझा पहिला नाही, माझं नाव काढा. तुम्ही काढलंत. त्या नामांकनाने त्याच्या गेमचं किती भलं झालं असतं, हे आमच्या क्षेत्रात कुणाला सांगायला नको. 'पदार्पण' या शब्दाचा अर्थ त्याने तुमच्यापेक्षा जास्त जपला. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. ज्यांच्यासाठी हे विभाग आहेत ते लोक किती गंभीर आहेत, हे दाखवायला लिहिते आहे.

माझी मागणी लहान आहे. पुढची नामांकनं जाहीर करण्याआधी या विभागातल्या प्रत्येक स्टुडिओला एक पानभर प्रश्न पाठवा. हा गेम अर्धवट असताना बंद करण्याचा अधिकार कुणाकडे होता? बनवणाऱ्यांच्या मर्जीविरुद्ध त्यात बदल कोण करायला लावू शकत होतं? नाव आणि पुढचा भाग आज कुणाच्या मालकीचा आहे? पैसे बुडाले असते तर कुणाचे बुडाले असते? उत्तरं नामांकनाशेजारी छापा. मग परीक्षकांपैकी ज्याला जे योग्य वाटेल त्याला त्याने मत द्यावं. तुमच्याकडे शंभराहून जास्त माध्यमसंस्थांची मतं आहेत, नव्वद टक्के वजन त्यांचं आहे, ती माणसं समंजस आहेत. त्यांना आज फक्त पडदा दिसतो आहे. त्यांच्या हातात कागदही द्या. आणि एकट्या-दुकट्यांच्या, कमी खर्चाच्या गेमसाठी एक वेगळी ओळ काढा, खर्चाचा आकडा लिहून. आकड्यावर आम्ही भांडू.

हे आमच्यासाठी लांबच्या देशातल्या समारंभापुरतं नाही. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, गेमिंग वगैरे क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं आहे. पैसा येईल, योजना येतील, आणि 'इंडी स्टुडिओ' कुणाला म्हणायचं हा प्रश्न कुठल्यातरी टेबलावर येईलच. तेव्हा तिथला अधिकारी जगात काय चालतं ते बघेल. जगात सगळ्यात जास्त बघितला जाणारा गेमचा पुरस्कार तुमचा आहे. तुम्ही जर इंडी दिसणाऱ्यालाच इंडी म्हणालात, तर इथेही मोठ्या कंपन्यांचे छोटे विभाग पिक्सेलचा अंगरखा घालून रांगेत पुढे उभे राहतील, आणि मुक्कामी एसटीसारख्या गेमांची फाइल खाली जाईल.

आत्याने त्या कराराच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने एक ओळ लिहून ठेवली आहे: "मालक कोण, हे आधी विचार. बाकीचं मग." ते पान मी कामाच्या टेबलासमोर भिंतीला लावलं आहे. सध्या आम्ही गेममधली पहाट करतो आहोत. कंडक्टर नळावर तोंड धुतो, ड्रायव्हर गाडीला दोनदा सेल्फ मारतो, पहिल्यांदा ती सुरू होत नाही. मैत्रीण म्हणते पहिल्यांदाच सुरू व्हावी, खेळणारा कंटाळेल. मी म्हणते दोनदा. अजून ठरलेलं नाही.

तुमच्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
पुण्यातली एक गेम डेव्हलपर